दोन बोटं खाली

राजपुत्र हरवला होता एक, सापडले मात्र सात.

बारा वर्षांपूर्वी जमाव राजवाड्यात घुसला, राजा-राणी मारले गेले, आणि त्यांचा सतरा वर्षांचा एकुलता एक मुलगा त्या गोंधळात कुठे नाहीसा झाला ते कुणालाच कळलं नाही. त्यानंतर तीन सरकारं आली. पहिल्याने भाषणं केली, दुसऱ्याने धरपकड केली, तिसऱ्याने भाषणं करत करत धरपकड केली. लोक पुन्हा रस्त्यावर उतरले, तेव्हा ज्यांनी राजवाडा जाळला होता त्यांच्याच मुला-पुतण्यांनी एक मंडळ नेमलं. या मंडळाच्या डोक्यात असा प्रकाश पडला, की लोकांना गप्प बसवायचं तर राजाच हवा. राजपुत्र हयात असल्यास त्याने नगरभवनात हजर व्हावं, अशी नोटीस चौकाचौकात लागली. लागायचाच अवकाश, पंधरवड्यात सात जण हयात निघाले.

त्यांची मापं घ्यायला कात्रीबाईंना बोलावणं आलं.

कात्रीबाईंनी राजवाड्याच्या शिवणघरात तीस वर्षं कापड बेतलं होतं. हे नाव त्यांना निम्मं हातातल्या कात्रीमुळे पडलं होतं आणि निम्मं जिभेमुळे. राजवाडा गेला तशा त्या बटणांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आल्या, खिडकीशी बेतायचं टेबल टाकलं, जुन्या गिऱ्हाइकांचे तपकिरी कागदाचे नमुने भिंतीवर टांगले, आणि कारकुनांच्या विजारी शिवायला लागल्या. मुलगी शेजारी बसून काजं करायची. चौदा महिने ती नुसती काजंच करत होती, बोलत जवळजवळ नव्हतीच, कारण चौदा महिने तिचा नवरा तुरुंगात होता.

हा जावई म्हणजे कात्रीबाईंच्या मते एक नमुनाच होता. छापखान्यात टाइप जुळवायचा. स्वतःच्या सदऱ्याला धड बटण लावता येत नव्हतं, पण देश कसा चालवावा हे मात्र पक्कं ठाऊक. राजा नको, मंडळ नको, कुणीच नको, असं एक पत्रक त्याने जेवणाच्या सुट्टीत छापलं, आणि खाली छापखान्याचा पत्ताही छापला. का, तर म्हणे छापील कागदावर पत्ता घालायचा नियम आहे. "पोलिसांना शोधायचीसुद्धा तसदी दिली नाही गाढवाने," असं कात्रीबाई येईल त्याला सांगायच्या. पण मुलगी रोज त्याचं ताट मांडायची आणि रोज तसंच उचलून ठेवायची. ते मात्र त्यांना बघवत नसे.

नगरभवनाच्या वरच्या खोलीत सात राजपुत्र भिंतीशी ओळीने उभे होते. एक घोड्यांचा दलाल होता, एक नाटक कंपनीने हाकललेला नट, आणि एक चाळिशी उलटलेला गृहस्थ, ज्याने निदान केस रंगवायचे तरी कष्ट घेतले होते. सगळ्यांनी मान जराशी उजवीकडे कलती ठेवली होती. जिन्यात राजपुत्राचं मोठं चित्र टांगलेलं होतं, त्यात ती तशी आहे. का आहे ते कात्रीबाईंना माहीत होतं. चित्रकाराने पोराला बसवलं तेव्हा डावीकडच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येत होतं. इथे बाहेर आभाळ भरलेलं, खोलीत भरदिवसा दिवा लावलेला, आणि सातही जण नसलेल्या उन्हापासून डोळे वाचवत उभे.

"मला ओळखलं नाहीत, बाई?" घोड्यांचा दलाल गहिवरून म्हणाला. "तुमच्या टेबलाखाली लपायचो मी."

"माझ्या टेबलाखाली मांजर लपायचं," कात्रीबाई म्हणाल्या. "हात वर करा."

त्यांनी सातही जणांची छाती, कंबर, बाही, पाठ मोजली आणि वहीत लिहिली. एक माप त्यांनी नजरेने घेतलं आणि लिहिलं नाही. ते त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं.

खऱ्या राजपुत्राचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता, अगदी जन्मापासून. त्याचा पहिला कोट शिवायला दिला तेव्हा राणीसाहेबांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, "कुणाला दिसता कामा नये." तेव्हापासून पोराच्या प्रत्येक कोटात डाव्या खांद्याला कात्रीबाईंच्या हातचं कापसाचं पॅड असायचं, मध्ये दोन बोटं जाड आणि कडेला उतरत गेलेलं. चित्रकाराला ते कळलं नाही, दरबाऱ्यांना कळलं नाही, सगळ्या देशाने सतरा वर्षं सरळ खांद्यांचा राजपुत्र पाहिला. फक्त माप द्यायला आला की तो कोट उतरवायचा आणि म्हणायचा, "बाई, पाच मिनिटं वाकडं उभं राहू द्या." कात्रीबाई त्याला पाचाची दहा मिनिटं द्यायच्या. तीस वर्षांच्या नोकरीत त्या राजवाड्यात त्यांना मनापासून आवडलेलं माणूस ते एवढंच.

या सातांचे खांदे फळीसारखे सरळ होते, म्हणजे सातही लबाड. कात्रीबाईंना त्याचा धक्का बसला नाही. लबाडी एक वेळ समजू शकते, पण जिन्यातलं चित्र बघून केलेली लबाडी म्हणजे शुद्ध आळस, असं त्यांचं मत पडलं.

मंडळाचा सचिव टाचण्यांची डबी पुढ्यात घेऊन बसला होता. दिसतील ते दोन कागद एकत्र टाचायची त्याला खोड होती. त्याने कात्रीबाईंची जुनी मापांची वही आणि आजचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"चार नंबर," तो म्हणाला.

"चार नंबर काय?"

"चार नंबर राजपुत्र. राजवाड्याच्या जळण्यातून वाचलेल्या कोठारात त्यांचा अठराव्या वाढदिवसासाठी शिवलेला दरबारी कोट सापडलाय, अंगाला न लागलेला. खाली काचेच्या कपाटात ठेवलाय, लोक रांगा लावून बघतात. राज्यारोहणाला सगळ्यांसमोर कपाटाचं सील तोडायचं, कोट अंगावर चढवायचा, की झालं. बाकीच्या सहांच्या पोटावर त्याची बटणंसुद्धा लागायची नाहीत."

देशाचा राजा पोटावरून ठरला, ही गोष्ट कात्रीबाईंनी मनात नीट जपून ठेवली.

"तुम्ही फक्त सही करायची," सचिव म्हणाला. "मापं जुळतात, हेच ते राजपुत्र, अशी. तुमच्या शब्दाला वजन आहे, बाई."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"नाही कशाला म्हणाल? तुमचे जावई आत आहेत ना?" त्याने आणखी दोन कागदांना टाचणी मारली. "समारंभ सुरळीत पार पडला की तिसऱ्या दिवशी घरी."

कात्रीबाईंनी सही केली. सही नेहमीसारखीच सरळ आली, आणि याचाच त्यांना राग आला.

जिना उतरून त्या कपाटापुढे उभ्या राहिल्या तेव्हा राग पळाला आणि भीती आली. गडद निळा कोट, छातीवर आडवी सोनेरी पट्टी, आणि डाव्या खांद्यात त्यांच्याच हातचं पॅड. सरळ खांद्याच्या माणसाने तो घातला, तर डावीकडे टेंगूळ आल्यासारखं दिसणार होतं. ते अख्खं शहर बघणार, समारंभ सुरळीत पार पडणार नाही, आणि घरी ते ताट तसंच उचललं जाणार.

त्या परत वर गेल्या. "साहेब, कोट मला एक दिवस द्या. बारा वर्षं घडीत होता, शिवण बघायला हवी."

"एक टाकासुद्धा उसवायचा नाही," सचिव म्हणाला. "सील लोकांच्या डोळ्यांदेखत लावलंय. कोट अस्सल आहे म्हणून राजा अस्सल."

खरं कारण सांगायची सोय नव्हती. खांद्याचं सांगावं, तर आपलीच सही खोटी ठरते. गिऱ्हाइकाला कोट बसत नसेल तर कोट दुरुस्त करायचा, हे काम कात्रीबाईंनी जन्मभर केलं होतं. आता कोटासाठी गिऱ्हाईक वाकडं करायची पाळी आली.

"मग राजपुत्रांना तरी रोज अर्धा तास माझ्याकडे द्या," त्या म्हणाल्या. "दरबारी कोट वागवायची सवय मोडली असेल त्यांची."

सचिव खूश झाला. बाई आता आपल्यातली झाली, असं त्याला वाटलं असावं.

पहिल्या दिवशी कात्रीबाई चार नंबरच्या समोर उभ्या राहिल्या, आपला डावा खांदा दोन बोटं खाली सोडला आणि म्हणाल्या, "असा."

चार नंबरने उजवा सोडला.

"डावा."

"हो, डावाच," असं म्हणून त्याने पुन्हा उजवा सोडला, आणि मग स्वतःच ओशाळला. "धंद्याची खोड, बाई. पंधरा वर्षं पोरींसमोर उभं राहून नाच शिकवला. त्यांनी डावा हात उचलला की माझा उजवा उठतो, आरशातल्यासारखा. तुम्ही समोर उभ्या राहू नका." एवढं बोलल्यावर आपण कोण आहोत ते त्याला आठवलं. "म्हणजे, अज्ञातवासात शिकवला."

मग कात्रीबाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि खांद्यावर हात ठेवून शिकवायला लागल्या. आता खोटं कशाला बोला, अंग मात्र त्याचं शहाणं होतं. तिसऱ्या दिवशी तो डावा खांदा बरोबर दोन बोटं खाली ठेवून चालत होता, वळत होता, खुर्चीत बसत होता. डोकं तेवढं बिघडत चाललं होतं.

"मी लहानपणी असाच उभा राहायचो का?" त्याने विचारलं.

"हो."

"मला आठवतंय," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

लबाड माणसाचा राग येतो. पण आपल्याच लबाडीने ज्याला रडू येतं, त्याची कात्रीबाईंना शिसारी आली. त्या दिवशी घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. राणीसाहेबांना दिलेला शब्द मोडला, याचं त्यांना एवढं वाटलं नाही. त्या पोराकडे स्वतःचं असं काय होतं, तर ती पाच मिनिटं. तीही आपण एका भामट्याला शिकवली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"काय झालं, आई?" मुलीने विचारलं. महिन्याभरात ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती.

"काही नाही. तो सुटतोय. त्याचा एखादा सदरा इस्त्री करून ठेव."

राज्यारोहणाच्या दिवशी कात्रीबाईंना साक्षीदार म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. शेजारी सचिव, पलीकडे सेनापती, त्यापलीकडे ज्यांना मागच्या तीन सरकारांतही पहिल्या रांगेतच खुर्ची होती असे लोक. सील तुटलं. चार नंबरच्या अंगावर कोट चढला. त्याने शिकवल्याप्रमाणे डावा खांदा सोडला, आणि कोट असा बसला, की क्षणभर कात्रीबाईंनाच वाटलं, पोरगं आलं. मैदानावरून एक सुस्कारा उठला. सचिवाने हळूच कपाळ पुसलं.

आता फक्त तीन पायऱ्या चढून लोकांकडे तोंड करायचं राहिलं होतं. चार नंबर चढला, वळला, आणि समोरची अफाट गर्दी बघून त्याचं अवसान गळालं. वर्गात वीस पोरींपुढे उभं राहणं वेगळं. त्याची नजर एखादा ओळखीचा चेहरा शोधायला लागली आणि कात्रीबाईंवर येऊन थांबली. डावा खांदा किंचित वर येताना त्यांना दिसला. त्यांना घाम फुटला, आणि त्या घाईत शिकवताना झालेलं सगळं विसरून त्यांनी त्याला आठवण द्यायला आपला डावा खांदा खाली सोडला.

समोर उभ्या असलेल्या बाईचा डावा खांदा खाली गेलेला पाहून पंधरा वर्षांच्या सवयीने चार नंबरचा उजवा खाली गेला.

व्हायचं ते झालं. पॅड भरलेला डावा खांदा कानाला भिडला, उजवा घसरला, कॉलर मानेवरून सरकली, आणि छातीवरची सोनेरी पट्टी सैल पडलेल्या वाळतदोरीसारखी एका बाजूला उतरली. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं. कात्रीबाईंच्या डोळ्यांपुढे ते ताट आलं. गेला, त्यांनी मनात म्हटलं, आता काही तो सुटत नाही.

सचिवाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठला. आता पहारेकऱ्यांना हाक मारणार, असं वाटतं न वाटतं तोच त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्या वाजवता वाजवता त्याने आपला उजवा खांदा खाली सोडला आणि डावा कानापर्यंत नेला.

"राजघराण्याची ठेवण," तो सेनापतीला ऐकू जाईल असं म्हणाला. "थोरल्या महाराजांची अशीच होती."

"अगदी अशीच," सेनापती म्हणाला, आणि पदकांसकट वाकडा झाला.

मुकुट डोक्यावर चढेपर्यंत पहिल्या चार रांगा वाकड्या झाल्या होत्या. त्या पोराला वाकडं उभं राहायला पाच मिनिटं मागून घ्यावी लागत, तीही बंद दाराआड. या लोकांना कुणी सांगितलंही नव्हतं. कात्रीबाईंनी आयुष्यात पुष्कळ माणसांची मापं घेतली होती, पण इतकी माणसं एकदम एवढी लहान झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटणांच्या दुकानापासून वरपर्यंत जिना गिऱ्हाइकांनी भरला. सगळ्यांना डावा खांदा उंच केलेला कोट हवा होता. सचिवाने माणसाबरोबर कापडच पाठवलं होतं. एका व्यापाऱ्याची अडचण नाजूक होती. खांदा राजापेक्षा उंच दिसायला नको, पण शेजारच्या दुकानदारापेक्षा कमी पण नको.

"मी विजारी शिवते," कात्रीबाईंनी प्रत्येकाला सांगितलं. "विजारीत खांदा येत नाही. या." कापसाचं गाठोडं त्यांनी कपाटावर फेकलं आणि पुन्हा आयुष्यात पॅड करायचं नाही असं मुलीला बजावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जावई खरंच सुटून आला. सचिव शब्दाला जागला, कारण त्याच्या दृष्टीने समारंभ सुरळीतच पार पडला होता. जावयाचे केस भादरलेले, गाल बसलेले, अंगाभोवती एक मळकी शाल. तो ताटावर बसला आणि जेवला. मुलगी जी बोलायला लागली ती थांबेना. चौदा महिन्यांचं तुंबलेलं सगळं तिने दोन दिवसांत ऐकवलं. तो भिंतीला एक बाजू टेकून बसायचा, शाल काढायचा नाही आणि ऐकून हसायचा. घरातसुद्धा शाल पांघरून बसायचं हे नवं सोंग कात्रीबाईंना आवडलं नव्हतं, पण मुलीच्या तोंडाकडे बघून त्या गप्प होत्या.

मग एका दुपारी मुलगी खाली बटणं आणायला गेली असताना तो त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आई, एक कोट हवा होता," तो म्हणाला. "हल्ली घालतात तसा."

कात्रीबाईंनी कात्री खाली ठेवली.

"तसा म्हणजे?"

"डावा खांदा उंच. जरा जास्तच उंच चालेल."

"राजा नको म्हणून पत्रक छापलंत ते तुम्हीच ना, जावईबापू? पत्त्यासकट?"

"मीच."

"आणि त्यासाठी माझ्या पोरीने चौदा महिने रिकामं ताट मांडलं?"

"हो."

"आता राजाचा खांदा हवा तुम्हाला. छापखान्यात सगळे घालत असतील, नाही का? चार लोकांत उठून दिसायला नको." त्यांचा आवाज चढला नाही. चढवण्याइतकाही हा माणूस मोलाचा नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटत होतं. यासाठी आपण सही केली. यासाठी ती पाच मिनिटं विकली. "काढा ती शाल. माप घेतल्याशिवाय मी शिव्यासुद्धा देत नाही."

त्याने दाराकडे एकदा बघितलं आणि शाल काढली.

कात्रीबाई टेप घेऊन त्याच्या मागे गेल्या. सवयीने दोन्ही हात दोन्ही खांद्यांवर ठेवले, आणि डावा हात खाली गेला. बोटांखाली हाड भलत्याच जागी लागलं.

"हात वर करा," त्या म्हणाल्या.

उजवा वर गेला. डावा छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"कधी?"

"पाचव्या महिन्यात. एका हाताने टांगून ठेवलं होतं." पत्रकाखाली पत्ता का छापला हे सांगितलं होतं, तशाच आवाजात त्याने हे सांगितलं. "ती काजं करते, आई. साध्या कोटात कापूस भरलेला दिसला तर का म्हणून विचारेल. आता सगळ्यांच्याच कोटात आहे, म्हणून. तिला दिसता कामा नये."

कात्रीबाईंनी हातातली टेप टेबलावर ठेवली. या माणसाला त्या आतापर्यंत जे जे बोलल्या होत्या ते सगळं त्यांना आठवलं आणि लाज वाटली. त्यांनी बोटं लावून पाहिली. तीन होती, राजपुत्रापेक्षा एक जास्त.

"पाच मिनिटं असेच उभे राहा," त्या म्हणाल्या. "वाकडे. काही होत नाही."

तो उभा राहिला. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली, तशी कात्रीबाईंनी शाल उचलून स्वतःच त्याच्या खांद्यांवर घातली, खुर्ची ओढली, तिच्यावर चढल्या आणि कपाटावरचं कापसाचं गाठोडं खाली काढलं.

मुलगी बटणांची पुडी घेऊन आत आली. "हे काय? तू तर पॅड करणार नव्हतीस ना?"

"तुझ्या नवऱ्याला फॅशनचं वेड लागलंय," कात्रीबाई नेहमीच्या तिरकस सुरात म्हणाल्या. "तुरुंगात जाऊन तेवढंच शिकून आलाय."

मुलगी हसली. कात्रीबाईंनी वही उघडली आणि छाती, कंबर, बाही, पाठ अशी सगळी मापं लिहिली, एक सोडून.